डाळिंबात नसलेला रेणू

रोज डाळिंब खाल्लं की म्हातारपण लांबतं, अशा अर्थाचे मेसेज आपल्या सोलापूर जिल्ह्यात भरपूर फिरतात. साहजिक आहे. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ या भागांत डाळिंबावर घरं उभी राहिली, पोरांची शिक्षणं झाली, लेकींची लग्नं झाली. केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. २०१६ साली सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या फळाबद्दल चांगलं काही वाचलं की ते पुढे पाठवावंसं वाटतंच.

या मेसेजांच्या मागे खरोखरचं संशोधन आहे, आणि ते मेसेजपेक्षा कितीतरी जास्त रंजक आहे. फक्त त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मेसेजात येत नाही. शास्त्रज्ञ ज्या पदार्थाबद्दल बोलतायत तो डाळिंबात नसतोच. दाण्यात नसतो, रसात नसतो, सालीतही नसतो. तो आपल्या मोठ्या आतड्यात तयार होतो, तिथले जिवाणू तो बनवतात, आणि प्रत्येकाच्या पोटात तो बनतोच असं नाही. त्याचं नाव युरोलिथिन ए. हे एकदा नीट समजलं की डाळिंब किती खावं, कोणी खावं आणि महागड्या गोळ्यांच्या जाहिरातींवर किती भरवसा ठेवावा, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी म्हातारपणाकडे पाहू. केस पिकतात, सुरकुत्या पडतात, पण रोजच्या जगण्यात आडवे येतात ते स्नायू. लग्नाच्या पंगतीत खाली बसलेली सत्तरीची बाई उठते तेव्हा नीट पाहा. आधी ताट थोडं बाजूला सरकवते. उजवा तळहात फरशीवर टेकवते, डावा गुडघ्यावर. क्षणभर थांबते, शेजारी बसलेली सून हात देतेय का ते बघते, आणि मग सगळा जोर एकवटून एका झटक्यात उठायला जाते. तेवढा झटका देण्याइतकी ताकद मांडीत उरली आहे की नाही, यावर तिचं एकटीनं न्हाणीघरात जाणं, एसटीत चढणं, सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाणं अवलंबून असतं. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचं वजन साधारण ३ ते ८ टक्क्यांनी कमी होत जातं आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर वजनापेक्षाही लवकर उतरते. म्हणजे मांडी तेवढीच जाड दिसते, पण तिच्यात पूर्वीचा दम राहिलेला नसतो.

हा दम येतो कुठून? जवळपास प्रत्येक पेशीत तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, असतात, शाळेत जीवशास्त्रात शिकलो होतो त्याच. स्नायूंच्या पेशीत त्या शेकड्यांनी, हजारांनी असतात. खाल्लेल्या अन्नातून आणि श्वासातून आलेल्या ऑक्सिजनमधून त्या एटीपी नावाचा रेणू बनवतात आणि स्नायू तो खर्च करून आकुंचन पावतात. एटीपी साठवून ठेवता येत नाही. बनवायचा आणि लगेच वापरायचा. दिवसभरात आपण जवळपास आपल्या स्वतःच्या वजनाइतका एटीपी पुन्हा पुन्हा घडवतो आणि मोडतो. एवढं काम अखंड करणाऱ्या तंतुकणिका झिजणारच.

झिजलेल्या तंतुकणिकेचं पेशी काय करते, हे आपल्याकडच्या एका उदाहरणाने चटकन कळेल. सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलचा कारखाना आहे असं समजा. एखादा माग पूर्ण बंद पडला तर मालकाला फारसा प्रश्न नसतो, तो दिसतो आणि दुरुस्त होतो. जीव खातो तो अर्धवट चालणारा माग. वीज तेवढीच ओढतो, धागा सारखा तोडतो, माल डागी काढतो, मधूनच ठिणग्या उडवतो, आणि शेजारच्या मागावरचा कामगारही त्याच्याकडेच धावत राहतो. जाणता कारखानदार असा माग वेळेत उतरवतो, चालणारे सुटे भाग काढून घेतो, बाकीचं लोखंड भंगारात घालतो आणि मोकळ्या जागी नवा माग बसवतो. पेशी नेमकं हेच करते. नासलेली तंतुकणिका एटीपी कमी देते आणि ऑक्सिजनचे दाहक रेणू जास्त सोडते, आणि ते आसपासच्या चांगल्या भागांनाही इजा करतात. म्हणून पेशी तिला वेगळी काढते, दुहेरी पडद्यात गुंडाळते, विरघळवणाऱ्या रसायनांनी भरलेल्या पिशवीत सोडते आणि त्यातून सुटलेला कच्चा माल परत वापरते. या कामाला मायटोफॅजी म्हणतात.

पेशीने आपल्याच आतले टाकाऊ भाग पचवायच्या व्यापक कामाला ऑटोफॅजी म्हणतात. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी १९९० च्या दशकात साध्या यीस्टवर काम करून त्यामागची जनुकं शोधली आणि २०१६ साली त्यांना एकट्यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. पावात फुगारा आणणारी ही बुरशी, आणि तिच्यावरून माणसाच्या म्हातारपणाचा एक मोठा दरवाजा उघडला. मूलभूत संशोधनावर पैसा कशाला घालवायचा, असं विचारणाऱ्यांना मी नेहमी ओसुमींचं नाव सांगतो.

नासलेली तंतुकणिका पेशी ओळखते कशी, हा भाग मला फार आवडतो. पिंक१ नावाचं एक प्रथिन आहे. तंतुकणिका धडधाकट असली की ती पिंक१ला सतत आत ओढून घेते आणि नष्ट करते, त्यामुळे बाहेरच्या पडद्यावर ते दिसतच नाही. तंतुकणिकेत आत ओढायची ताकद उरली नाही की पिंक१ बाहेरच साचत जातं. ते साचलेलं बघून पार्किन नावाचं दुसरं प्रथिन येतं आणि त्या तंतुकणिकेवर रासायनिक खुणा करत सुटतं. खुणा पडल्या की ती मोडीत निघाली. कोणी तपासणी करायला जात नाही, दुबळेपणा स्वतःच स्वतःची खबर देतो. ही यंत्रणा किती मोलाची आहे ते रोगावरून कळतं. पार्किनचं जनुक १९९८ साली सापडलं ते जपानमधल्या अशा कुटुंबांत, जिथे पार्किन्सनचा कंपवात अगदी तरुण वयात होत होता. पुढे २००४ साली पिंक१चंही तसंच निघालं. या दोन्हीपैकी एक जनुक बिघडलं तर मेंदूच्या ठरावीक पेशी म्हातारपणाची वाट न बघता मरू लागतात.

आपल्यासारख्या बाकीच्यांची जनुकं ठीक असतात, पण वय वाढेल तसं हे मोडीत काढायचं काम मंदावतं. २०१३ साली कार्लोस लोपेझ-ओतिन आणि सहकाऱ्यांनी वार्धक्याची ९ जैविक लक्षणं एकत्र मांडली होती. २०२३ साली त्यांनीच ती यादी वाढवून १२ केली. तंतुकणिकांचा बिघाड पहिल्यापासून यादीत होता. नव्याने आलेल्या तिघांपैकी एक म्हणजे ऑटोफॅजी मंदावणं, दुसरं आतड्यातल्या जिवाणूंचा तोल बिघडणं, तिसरं शरीरात कायम राहणारा हलका दाह. डाळिंबाची गोष्ट यातल्या पहिल्या तीन धाग्यांना एकदम स्पर्श करते, म्हणून तिच्याकडे एवढं लक्ष गेलं.

आता फळ हातात घेऊ. भगवा हा वाण घ्या, बाजारात तोच जास्त. लोखंडी विळीवर उभा चिरला की आतून पांढुरके पडदे दिसतात, त्यांनी केलेले कप्पे, आणि कप्प्यांत दाटीने बसलेले दाणे. दाणे सोलून झाले की विळीच्या पात्याकडे बघा. साल जिथे घासली तिथे काळसर निळा डाग पडलेला असतो, आणि बोटांवरही तोच. पाण्याने जात नाही, लिंबाने घासावा लागतो. हा डाग म्हणजे सालीतलं टॅनिन आणि विळीचं लोखंड यांची संयुगं. हेच टॅनिन जिभेवर आलं की लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि तोंड आवळल्यासारखं होतं, त्याला आपण तुरट म्हणतो. कापड रंगवणाऱ्यांनी हा गुण फार पूर्वी हेरला. डाळिंबाच्या सालीच्या काढ्यात सूत बुडवलं तर पिवळट रंग चढतो, त्यात लोहाचं क्षार घातलं की तो राखाडी-काळ्याकडे झुकतो, आणि टॅनिन धाग्याला घट्ट धरत असल्यामुळे दुसरे रंगही पक्के बसतात. हिरड्याचा उपयोगही रंगाऱ्यांनी याच कारणासाठी केला. चादरीच्या शहरात राहून आपण डाळिंबाची साल थेट कचऱ्याच्या डब्यात टाकतो, याची मला खंत वाटते.

या सालीतलं मुख्य टॅनिन म्हणजे प्युनिकॅलॅजिन. डाळिंबाचं शास्त्रीय नाव प्युनिका ग्रॅनेटम, त्यावरूनच हे नाव आलं. रेणू अवाढव्य आहे, तो जसाच्या तसा आतड्यातून रक्तात शिरत नाही. झाड तो बनवतं स्वतःच्या बचावासाठी, कीड आणि जंतूंना रोखायला. प्रत्येक वेळी तो पुरतो असं मात्र नाही. ज्याच्या बागेत तेल्या आला आहे त्याला हे सांगायची गरज नाही. पानावर आणि फळावर आधी तेलकट, पाणीदार ठिपका, मग तो काळा पडतो, फळ तडकतं, आणि पाऊस-वाऱ्याच्या आठवड्यात अख्खी बाग हातची जाते. झँथोमोनास या जिवाणूचा हा रोग भारतात पहिल्यांदा १९५२ साली दिल्लीत नोंदवला गेला. आपल्याकडे बहुतेक बागा एकाच वाणाच्या, गुटी कलमांनी वाढवलेल्या. रोगट झाडाची गुटी लावली की रोग नव्या बागेत आयताच पोहोचतो.

थोडं विषयांतर करतो, कारण फळ कापलेलं समोर आहे. दाण्यांच्या या मांडणीने बॅटरी बनवणाऱ्यांनाही खुणावलं. लिथियम बॅटरीत आज ग्राफाइट वापरतात. त्याऐवजी सिलिकॉन वापरलं तर तेवढ्याच वजनात सुमारे दहापट विद्युतभार मावतो. अडचण अशी की चार्ज होताना सिलिकॉन फुगून तीन-चारपट होतं आणि काही फेऱ्यांतच तडकून भुगा होतं. २०१४ साली अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये यी कुई यांच्या गटाने सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण घेतले, प्रत्येक कणाभोवती फुगायला मोकळी जागा ठेवून कार्बनचं पातळ कवच चढवलं, आणि असे पुष्कळ कण एकत्र बांधून त्यांच्यावर जाड कार्बनची साल घातली. डाळिंबच ते, आणि त्यांनीही लेखाला तेच नाव दिलं. हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज करूनही त्याची ९७ टक्के क्षमता टिकून राहिली. दाणे वेगवेगळे राहिले तर एक फुटल्याने सगळे जात नाहीत, हे फळाला ठाऊक होतंच.

परत पोटाकडे. प्युनिकॅलॅजिन जठरातून आणि लहान आतड्यातून पुढे सरकतं, वाटेत तुटून त्याचं एलॅजिक आम्ल होतं. तेही फारसं शोषलं जात नाही. सगळा माल मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथे ऑक्सिजन जवळपास नाही, आणि अब्जावधी जिवाणू आहेत. त्यातल्या काही मोजक्या जाती एलॅजिक आम्लाचा एकेक तुकडा तोडत जातात. स्पेनमधल्या मुर्सिया शहराच्या संशोधकांनी २०१४ साली गॉर्डोनिबॅक्टर युरोलिथिनफेसियन्स या जिवाणूचं वर्णन प्रसिद्ध केलं. मुर्सियाच्या आजूबाजूलाही डाळिंबाच्या बागा आहेत, आपल्यासारखाच कोरडा मुलूख. हा जिवाणू काम अर्ध्यावर आणून सोडतो, पुढचा टप्पा दुसऱ्या जाती पूर्ण करतात. शेवटी जो लहान, रक्तात सहज शिरणारा रेणू उरतो तो युरोलिथिन ए.

याच मुर्सियाच्या गटाने माणसांची तीन गटांत विभागणी केली. काहींच्या पोटात प्रामुख्याने युरोलिथिन ए बनतं. काहींच्या पोटात त्याच्यासोबत त्याची भावंडं बनतात, आणि वय किंवा वजन वाढलेल्यांत हा प्रकार जास्त आढळतो. आणि काहींच्या पोटात यातलं काहीच बनत नाही, कितीही डाळिंबं खाल्ली तरी. नंतर १०० लोकांवर एक चाचणी झाली. सुरुवातीला, काही न देता, फक्त १२ टक्के लोकांच्या रक्तात युरोलिथिन ए मोजण्याइतकं सापडलं. मग त्यांना पेलाभर डाळिंबाचा रस दिला. तरीही सुमारे ४० टक्के लोकांतच ते चांगल्या प्रमाणात तयार झालं. उरलेल्यांनी रस प्यायला, साखर पोटात गेली, युरोलिथिन नावापुरतंच. त्याच चाचणीत युरोलिथिन ए बाहेर बनवून थेट दिलं तेव्हा रक्तातलं प्रमाण रसाच्या सहापटीहून जास्त झालं.

यात आणखी एक पदर आहे, तो आपल्या घरच्या खाण्याशी जोडलेला. प्युनिकॅलॅजिनचा मुख्य साठा सालीत आणि पांढऱ्या भागात असतो, दाण्यात नाही. कारखान्यात अख्खं फळ सालीसकट दाबून रस काढतात, तेव्हा सालीतलं टॅनिन त्यात उतरतं. २००० साली झालेल्या एका अभ्यासात, अख्ख्या फळापासून काढलेल्या अशा रसाची ऑक्सिजनच्या दाहक रेणूंना रोखायची ताकद नुसत्या दाण्यांच्या रसापेक्षा बरीच जास्त भरली होती ती याचमुळे. आपण मात्र दाणे निवडून, पडदे काळजीपूर्वक काढून, वाटीत घेऊन खातो. म्हणजे गोळी फोडून औषध बाजूला ठेवायचं आणि वेष्टन खायचं, असं जर कोणाच्या मनात आलं, तर थांबा. साल चावून खाऊ नका, तिचं चूर्ण घरच्या घरी करून घेऊ नका. सालीतल्या टॅनिनची जास्त मात्रा पोटाला बाधू शकते, फवारणीचे अवशेषही सालीवरच असतात, आणि तुमच्या पोटात तो जिवाणू आहे की नाही हे कुठे माहीत आहे?

सांगोल्याकडचे एक बागायतदार मामा मला विचारत होते, "मग आमच्या डाळिंबाचं औषध झालं म्हणायचं का?" मी म्हटलं, "मामा, कच्चा माल तुमचा, पण कारखाना ज्याच्या त्याच्या पोटात." ते म्हणाले, "म्हणजे एकाला गुण, एकाला नाही." इतकंच खरं आहे. आयुर्वेदातले वैद्यही एकच पदार्थ सगळ्यांना सारखा लागू पडत नाही असं सांगत आलेत. त्यांच्या कारणांची मांडणी वेगळी, पण अनुभव जुना आहे.

आता प्रयोगांकडे येऊ. इथे मी जरा हळू जाणार आहे, कारण जाहिराती नेमक्या इथेच घाई करतात. २०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी योहान ओवर्क्स यांच्या नेतृत्वाखाली युरोलिथिन ए पहिल्यांदा एक मिलिमीटर लांबीच्या कृमींना दिलं. हे कृमी दोन-तीन आठवडे जगतात. त्यांचं आयुष्य ४५ टक्क्यांनी वाढलं. नंतर म्हाताऱ्या उंदरांना दिलं, ते सहा आठवड्यांनी आपल्या जोडीच्या उंदरांपेक्षा ४२ टक्के जास्त धावले. स्नायूंत मायटोफॅजी वाढल्याच्या खुणा दिसल्या. "४५ टक्के आयुष्य वाढतं" हा जो आकडा मेसेजांत फिरतो तो या कृमींचा आहे. माणसाचा नाही, उंदराचाही नाही.

माणसांवरची पहिली मोठी पायरी २०१९ साली. बैठी जीवनशैली असलेल्या ६० निरोगी वृद्धांना वेगवेगळ्या मात्रा दिल्या. औषध सहन झालं, आणि चार आठवड्यांनी स्नायूंच्या नमुन्यात तंतुकणिकांशी संबंधित जनुकांची हालचाल वाढलेली दिसली. जनुकांची हालचाल वाढली म्हणजे माणूस जिना चढू लागला असं नव्हे. ते तपासायला २०२२ साली ६५ ते ९० वयाच्या ६६ लोकांवर चार महिन्यांची चाचणी झाली, रोज १,००० मिलिग्रॅम. काहींना खरं औषध, काहींना तसंच दिसणारं निरुपद्रवी. एक मुख्य कसोटी होती सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो. निकाल: दोन्ही गटांचं अंतर वाढलं आणि दोघांत ठाम फरक आढळला नाही. म्हणजे या मुख्य कसोटीत औषध नापास. पण हाताचा आणि पायाचा एक-एक स्नायू थकेपर्यंत किती वेळा आकुंचन पावतो हे मोजलं, तर औषध घेणाऱ्यांची दमछाक उशिरा झाली. त्याच वर्षी ४० ते ६४ वयाच्या ८८ लोकांवरची दुसरी चाचणी आली. पायाच्या स्नायूंची ताकद सुमारे १२ टक्क्यांनी वाढली. तिथेही आधी ठरवलेल्या मुख्य कसोटीत, म्हणजे सायकलिंगच्या कमाल शक्तीत, लक्षणीय फरक पडला नाही. २०२५ साली ५० मध्यमवयीन लोकांवरचा आणखी एक अभ्यास आला. चार आठवड्यांत रक्तातल्या काही संरक्षक पेशी जरा "नव्या" अवस्थेच्या दिसू लागल्या, असं त्यात आढळलं.

माझं मत सांगतो. हे संशोधन खोटं नाही, फुगवलेलं आहे. रेणूचं काम जीवशास्त्राच्या अंगाने पटण्यासारखं आहे, कृमी-उंदीर-माणूस अशी पायरी शिस्तीत चढली आहे, आणि चाचण्या कडक पद्धतीने झाल्या. पण त्या लहान आहेत, काही महिन्यांच्याच आहेत, आणि त्यातल्या मुख्य चाचण्यांना हा रेणू विकणाऱ्या कंपनीचाच पैसा होता. मुख्य कसोटी हुकली आणि बाजूची कसोटी जमली, असं दोनदा झालं की शास्त्रज्ञ तिसऱ्या, मोठ्या चाचणीची वाट बघतो. जाहिरातदार थांबत नाही. अल्झायमरच्या उंदरांवर २०१९ साली मायटोफॅजी वाढवून चांगले परिणाम मिळाले, हेही खरं, पण अल्झायमरच्या उंदरांना आजवर कितीतरी औषधांनी बरं केलं आहे आणि माणसांत ती पडली आहेत. घरात असा रुग्ण असलेल्या माणसाला आशेच्या भरात महिन्याला हजारोंच्या गोळ्या घ्यायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

पायाच्या ताकदीच्या त्या १२ टक्क्यांच्या शेजारी एक जुना आकडा ठेवून पाहा. १९९० साली अमेरिकेत मारिया फियाटारोने आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायाचे वजन उचलायचे व्यायाम करून घेतले. एकाने मध्येच सोडलं. उरलेल्या नऊ जणांची पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या मध्यातल्या स्नायूंचं आकारमान ९ टक्क्यांनी, आणि पावलापुढे पाऊल ठेवत चालण्याचा वेग ४८ टक्क्यांनी. हाही छोटा प्रयोग होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, पण त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत अशा व्यायामाचा उपयोग पुन्हा पुन्हा सिद्ध झाला आहे. आणि व्यायामानेही मायटोफॅजीच वाढते. स्नायूंवर ताण आला की पेशी नासक्या तंतुकणिका मोडीत काढते आणि नव्या बनवते. पंगतीतल्या त्या बाईने रोज सकाळी पक्क्या खुर्चीवरून हात न टेकता आठ-दहा वेळा उठायचं आणि हळूहळू बसायचं, थोडं थांबून पुन्हा तेवढंच, असं केलं तर तिच्या मांडीतले कारखाने एका पैशाविना चालू होतात. सुरुवातीला कोणीतरी शेजारी उभं राहावं. गुडघ्याचं दुखणं, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि डाळिंब? खा की. फळ म्हणून ते उत्तमच आहे. १०० ग्रॅम दाण्यांत साधारण ८३ कॅलरी, १४ ग्रॅमच्या आसपास साखर आणि ४ ग्रॅम तंतू. केगावच्या केंद्राने २०१७ साली दिलेल्या 'सोलापूर लाल' वाणात भगव्यापेक्षा लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त आहे, ते मिळालं तर जरूर घ्या. दाणे चावून, बियांसकट खाल्ले तर तंतू पोटात जातात, आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू जगतात ते तंतूंवरच. त्यांना ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, शेंगदाण्याची चटणी हे सगळं लागतं. एलॅजिक आम्लाची कुळी आवळ्यात, अक्रोडात, स्ट्रॉबेरीतही सापडते, त्यामुळे युरोलिथिनसाठी डाळिंबावरच अवलंबून राहावं असं नाही. आपल्या पोटात ते बनतं की नाही यासाठी बाहेर देशांत लघवीच्या किंवा रक्ताच्या चाचण्या आहेत. त्यांच्या मागे लागण्यात मला तूर्तास अर्थ दिसत नाही, कारण निकाल काहीही आला तरी सल्ला तोच राहणार.

दोन माणसांनी मात्र जपून. मधुमेह असलेल्याने रस टाळावा. २४० मिलिलिटर रसात तीसेक ग्रॅम साखर असते आणि तंतू गाळण्यात गेलेले असतात, दाणे वाटीभर चालतात का ते आपल्या साखरेच्या नोंदीवरून ठरवावं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने, विशेषतः डायलिसिसवर असलेल्याने, डाळिंब आपल्या मनाने सुरू करू नये. फळात पोटॅशियम बरंच असतं, १०० ग्रॅमला २३० मिलिग्रॅमच्या वर, आणि ते बाहेर टाकायचं काम ज्या मूत्रपिंडाने करायचं तेच थकलेलं असतं. अशा घरात पाहुणा प्रेमाने डाळिंबाची पेटी घेऊन आला, तर पेटी घ्या, चहा पाजा, आणि फळं बाकीच्यांनी खा. रुग्णाला किती चालतील हे त्याच्या ताज्या रक्ताच्या रिपोर्टवरून त्याचे मूत्रपिंडाचे डॉक्टर सांगतील.